लाख आणि वर एक

उसाच्या मळ्याचा नदीकाठचा कॅम्प, रिव्हिएर दू रांपार
१० मार्च १८६७

शाळा बंद झाली. पोर्ट लुईत तापाने इतकी माणसे जात आहेत की मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना घरी पाठवले. मी आगगाडीने आले. समोर बसलेली बाई स्टेशन येईपर्यंत डोळे मिटून होती. झोपली होती की तिला ताप होता, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

शेवटच्या परीक्षेचे माझे सर्टिफिकेट बाबांनी भिंतीला लावले आहे, देवांच्या फळीच्या शेजारी आणि थोडे वरच. आई म्हणाली, निदान बरोबरीने तरी लावायचे. आमच्या घरात शाळेची परीक्षा पास झालेले माझ्याआधी कोणीच नाही. बाबा बालबोध अक्षरे वाचतात आणि ती त्यांनीच मला शिकवली, पण सर्टिफिकेट इंग्रजीत आहे, त्यामुळे ते त्याच्याकडे नुसते बघत बसतात. बाबांनी दिलेली अक्षरे मोडून जाऊ नयेत म्हणून ही वही मराठीत ठेवायची असे ठरवले आहे.

आणखी एक ठरवले आहे. ताप ओसरला की कॅम्पातल्या मुलींना हिशेब शिकवायचा. आधी आकडे, मग अक्षरे. आकडा कोणाचे तोंड बघून बदलत नाही, हे त्यांना लहानपणीच कळायला हवे.

१४ मार्च

आज बायका फणसाखाली जमल्या. तिथे आमची देवी आहे, म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, जो इथे आलेल्या पहिल्या लोकांनी नदीतून वर आणला. गंगामावशीने बोलावले होते. मावशी नात्याने कोणाचीच मावशी नाही, पण बाबा ज्या जहाजातून आले त्याच जहाजातून तीही आली आणि तेव्हापासून सगळे तिला मावशीच म्हणतात. अर्धा कॅम्प तिच्या हातावर जन्मलेला आहे.

तिने सांगितले की तापासाठी देवीला लाखोली वाहायची. एक लाख अक्षता, एकेक मोजून, चैत्री पौर्णिमेपर्यंत. दाणा अख्खा हवा. रेशनच्या तांदळात निम्मी कणी असते, तेव्हा निवडण्यातच दिवस जाणार. भगवतीने सुचवले की हजार मोजावे आणि उरलेले वाटीने मापावे. मावशी म्हणाली, "देवीनं तुला पोरं मापून दिली का?"

तापाने अंथरुणाला न लागलेल्या आणि हात लावू शकतील अशा आम्ही दहाजणी आहोत. आई, मी, मावशी, भगवती, सत्यवती आणि आणखी पाच. प्रत्येकीला दहा हजार. लाख किती साफ बसतो दहाजणींवर! मी ते मोठ्याने म्हणाले तेव्हा आई जरा अभिमानाने इकडेतिकडे बघत होती.

पण मावशी म्हणाली, "लाखावर थांबायचं नाय. शून्यावर हात ठेवून उठू नये. लाख आणि वर एक."

तो एक कोण वाहणार, असे सत्यवतीने लगेच विचारले. ती देवराजची बायको. कॅम्पातली कोणतीही गोष्ट तिला आधी कळावी लागते.

"बघू," मावशी म्हणाली. "ज्याचा असेल तो वाहील."

तो शेवटचा दाणा मावशीला स्वतःसाठी ठेवायचा आहे हे उघड आहे. मोठ्या माणसांतही मान सुटत नाही याचे मला वाईट वाटले.

१८ मार्च

आज जे घडले ते नीट लिहून ठेवते, कारण मला त्याचा राग आला आहे.

आम्ही निवडत बसलो होतो तेव्हा बसंती आली. ती नदीकडच्या शेवटच्या घरात राहते. तीन वर्षांपूर्वी मावशीच्या मुलाने, बलरामने, तिला घरात आणले. ती कलकत्त्याच्या जहाजाची, आपली भाषा नाही, आपल्या पद्धतीने लग्नही नाही. त्या दिवशी मावशी याच फणसाखाली उभी राहून देवीसमोर म्हणाली होती की माझ्या हातून हिला दाणासुद्धा मिळायचा नाही. तेव्हापासून मावशी त्या घराकडे गेलेली नाही आणि बलराम इकडे आलेला नाही.

आता बलराम तापाने पडला आहे. बसंती झाडाच्या सावलीबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "हमके भी दाना द. हमहू गिनब." तिलाही मोजायचे होते, तिच्या माणसासाठी.

सत्यवतीने सांगितले की ही आमच्या देवीची लाखोली आहे आणि वाटे झाले आहेत, दहाचे दहा. बसंतीने मावशीकडे पाहिले. मावशी सुपावरून नजर उचलेना. एका दाण्याला ती इतका वेळ बोटांत फिरवत होती की तो अख्खा आहे की नाही याची तिला खात्रीच पटत नसावी. बसंती निघून गेली.

स्वतःचा मुलगा अंथरुणावर असताना माणूस इतके कठोर कसे राहू शकते? आई म्हणाली, "तू लहान आहेस." मी एकोणीस वर्षांची आहे.

२१ मार्च

पाऊस. शाळेची पुस्तके उन्हात घालायची होती, ती राहिली. संध्याकाळी मावशीकडे दिवा लावायला गेले. तिने विचारले, नदीकडच्या घरात दिवा दिसतो का. दिसतो म्हणाले. म्हातारीला नदी चढण्याची काळजी वाटते.

२४ मार्च

कॅम्पात आज दोन घरी रडणे झाले. डॉक्टर घोड्यावरून आला, तापावरची किनीन थोडी दिली आणि उरलेली पुढच्या वेळी म्हणाला. मालकाच्या घरची माणसे वर थंड हवेत क्युरपिपला गेली, कॅम्पातल्या इंद्राणीलाही मुले सांभाळायला घेऊन गेली. बसंतीच्या दारात मी किनीन ठेवून आले. बलराम आतून बाबांचे नाव घेऊन म्हणाला, "कोण, बाबूरावांची मास्तरीण?" आवाज खोल गेला आहे, पण चेष्टा करतो.

परत येताना मावशी भेटली. माझ्या हातात काय होते, कुठे गेले होते, काहीच विचारले नाही. फक्त म्हणाली, "अनू, तुझ्या शाळेत एवढं शिकवतात. दहाला वाटून एक उरतो, त्याचं काय करायचं ते नाय शिकवत?"

मी म्हणाले, शिकवतात. त्याला बाकी म्हणतात.

"नाव ठेवून काय होतं," ती म्हणाली आणि गेली.

२६ मार्च

मला सापडले! दुपारभर पाटी घेऊन बसले होते.

लाख हा आकडा फक्त दोन आणि पाच यांनी बनलेला आहे. पाच वेळा दोन, पाच वेळा पाच, दुसरे काहीच नाही. म्हणून तो दहाजणींवर बसतो, वीसजणींवर बसतो, पण तिघींवर किंवा सातजणींवर बसत नाही. वर एक टाकला की सगळे पालटते. १,००,००१ ला आता दोन भागत नाही, पाच भागत नाही, म्हणून दहा तर नाहीच. तीनने दोन उरतात, सातने सहा उरतात. मला वाटू लागले होते की हा अशा संख्यांपैकी असेल ज्यांना एक आणि ती स्वतः सोडून कोणीच निःशेष भागत नाही. शाळेत त्यांना वेगळे नाव आहे, मी मनात त्यांना एकट्या संख्या म्हणते.

मग अकराची खूण आठवली. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या, त्या सारख्या आल्या तर अकराने भाग जातो. एक शून्य शून्य, आणि शून्य शून्य एक. इकडे एक, तिकडे एक. सारख्या! अकरा गुणिले नऊ हजार एक्याण्णव म्हणजे बरोबर एक लाख एक. बाकी शून्य.

म्हणजे दहाजणी असल्या तर एक दाणा उरतो आणि त्याच्यावरून मान-अपमान होतो. अकराजणी असल्या तर काहीच उरत नाही. आणि कॅम्पात हात लावू शकेल अशी अकरावी बाई एकच आहे.

मला फार आनंद झाला. बाबांना दाखवले तर त्यांनी पाटी उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "छान दिसतंय."

२८ मार्च

फणसाखाली मी सगळ्यांसमोर मांडले. आकडे बरोबर सांगितले.

सत्यवती म्हणाली, "अकरावी आणायची कुठून? जहाज मागवायचं?"

मी म्हणाले, नदीकडच्या घरात आहे.

तेव्हा सगळ्या मावशीकडे बघू लागल्या. सत्यवती म्हणाली, "शाळेत आता देवीलाही भागायला शिकवतात वाटतं. मावशीनं इथंच शपथ घातलीय, मी ऐकलीय या कानांनी."

मावशीने सूप बाजूला ठेवले. मला वाटले, आता संपले. ती म्हणाली, "आकडा काय म्हणतो ते परत सांग."

मी सांगितले.

"दहात बसत नाय?"

"नाही."

"बारात?"

"नाही, मावशी."

"अकरातच?"

"अकरातच."

"मग आकड्यापुढं माझं काय चालणार," ती म्हणाली आणि पुन्हा सूप ओढून निवडायला लागली. थोड्या वेळाने वर न बघता म्हणाली, "वाटप मात्र अनू करेल. माझे हात थरथरतात हल्ली."

मी ते थरथरताना कधी पाहिलेले नाहीत. आत्ताच तिने मोहरीएवढा खडा नखाने काढला होता. पण माझ्या शिक्षणावर तिने एवढा विश्वास दाखवला याने मला भरून आले. रात्री झोपताना वाटले की संख्येला जात नसते आणि जहाजही नसते. जे काम पंचांनी तीन वर्षांत केले नाही ते एका भागाकाराने केले. माझ्या शाळेत पहिल्या दिवशी मी हेच सांगणार आहे.

२ एप्रिल

अकरा पुरचुंड्या बांधल्या. दाणे अजून मोजायचेच आहेत, पण निवडलेला तांदूळ प्रत्येकीला पुरून थोडा उरेल एवढा दिला. बसंतीची पुरचुंडी मी स्वतः नेली. तिने दोन्ही हात धुऊन, पदराला पुसून, मग ओंजळ पुढे केली. किती मोजायचे ते तिला समजावले. दहादहाचे ढीग, दहा ढिगांची एक रेघ. तिला शंभरापर्यंत येते, त्यापुढे आम्ही तिच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या.

बलरामने विचारले, आईने पाठवले का? मी खरे सांगितले. आईने नाही, आकड्याने. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बहुधा ताप चढत होता.

५ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, पण गोड केले नाही. घरोघर बायका दारात बसून मोजत आहेत आणि कोणी हाक मारली तर बोट वर करून थांब म्हणतात. आज आमच्या आईचे सातशेवर चुकले आणि तिने बाबांना बोल लावला. बाबा त्या वेळी घरात नव्हते.

१२ एप्रिल

सत्यवतीला ताप आला. सकाळी मोजायला बसली आणि आतापर्यंत मोजलेले सगळे दाणे तिच्या हातून सांडून न मोजलेल्यांत मिसळले असे देवराज सांगतो. तिचा एकही ढीग आता शिल्लक नाही. देवराजला लाखोलीचे काही सुचत नाही, तो तिच्या उशाशी बसून आहे.

मी पाहायला गेले. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आता दहाच झाल्या गं तुम्ही." ती मला टोचत होती की तिला वाईट वाटत होते, मला ठरवता आले नाही.

१४ एप्रिल

आज दिवसभर मी सत्यवतीच्या वाट्याशी झगडले. नऊ हजार एक्याण्णव. उरलेल्या दहाजणींत वाटावे तर प्रत्येकीला नऊशे नऊ आणि पुन्हा वर एक! मला हसू आले. मग मी ठरवले की किती जणींत तो समान वाटला जाईल ते शोधायचे. कोणावर जास्त ओझे नको, कोणावर कमी नको.

सातने पाच उरतात. अकराने पाच. तेराने चार. मग सतरा, एकोणीस, तेवीस, असे करत गेले. एकसष्टने फक्त दोन उरले, तेव्हा क्षणभर आशा वाटली, जरी एकसष्ट बायका आणणार कुठून हे मला सांगता आले नसते. एकोणनव्वदपर्यंत केले. सत्त्याण्णवला त्यानेच गुणले तर संख्या पुढे निघून जाते, म्हणून त्यापुढे बघावे लागत नाही. कोणीच भागले नाही. नऊ हजार एक्याण्णव ही एकटी संख्या आहे.

म्हणजे सत्यवतीचा वाटा सारखा फोडताच येत नाही. उचलायचा तर कोणीतरी अख्खा उचलायचा.

हे मावशीला सांगावे आणि कोणाला विचारायचे ते तिच्यावर सोपवावे म्हणून उन्हे कलल्यावर निघाले. नदीकडची वाट धरली, कारण बलरामला औषध द्यायचे होते. बसंतीवहिनी दारात बसली होती. एका केळीच्या पानावर तिचा स्वतःचा वाटा, झाकलेला. तो परवाच पुरा झाला होता. दुसऱ्या पानावर नवे ढीग. भिंतीवर कोळशाच्या नव्या रेघा, पहिल्यांच्या खाली.

"ई सत्यवती दीदी के ह," ती म्हणाली आणि बोट वर केले. मोजणे चालू होते.

मी पाटी पदराखाली घेतली. माझा भागाकार चालला होता तेव्हा तिने निम्मा वाटा मोजून टाकला होता. सत्यवतीचे तांदूळ तिच्याकडे देवराजने पोचवले असावेत. त्याला सुचले हे चांगले झाले.

१६ एप्रिल

सत्यवतीला हे कळले. तिने फक्त विचारले, दाणे अख्खे आहेत ना. मी हो म्हणाले. मग तिने कूस बदलली. ताप अजून आहे.

बलराम काल भिंतीला टेकून बसला आणि पेज प्याला.

१९ एप्रिल

काल पौर्णिमा झाली. लाखोली पुरी झाली. सकाळपासून फणसाखाली सगळ्या एकदमच आपापला वाटा एकेक दाण्याने वाहत होत्या, पहिला दाणा मावशीचा. दुपारपर्यंत आमच्या नऊजणींचे झाले. बसंतीवहिनीचे दोन वाटे, त्यामुळे ती मागे राहिली. कोणी घरी गेले नाही. भगवतीचे तान्हे रडत होते तरी ती तिथेच त्याला पाजत बसली. फक्त दाणे पडताना पाहत एवढ्या बायका इतका वेळ गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

बलराम काठी घेऊन हळूहळू आला आणि लांब उन्हात उभा राहिला. मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "डोकं झाक." तीन वर्षांत माझ्या ऐकण्यात ती त्याच्याशी एवढेच बोलली. तो सावलीत आला.

शेवटचा दाणा आला तेव्हा बसंतीवहिनी थांबली आणि माझ्याकडे पाहिले, बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली. एक लाख एकावा दाणा तिने ठेवला. बाकी शून्य. मला फार मोठ्याने काहीतरी म्हणावेसे वाटत होते, पण सगळ्या हात जोडून होत्या म्हणून मीही जोडले.

त्याच तांदळाचा गुळाचा भात केला. पाने मांडली. वहिनी पंक्तीच्या टोकाला माझ्याशेजारी बसली. मी तिला म्हणाले, देवराजभाऊंना वेळेवर सुचले, नाहीतर सत्यवतीचा वाटा राहिलाच असता. ती म्हणाली, देवराज नाही. मावशी आली होती. सत्यवती पडली त्याच संध्याकाळी. दारात उभी राहिली, पुरचुंडी पुढे केली आणि म्हणाली, "खडा असेल तर काढ." एवढेच, आणि परत फिरली.

मी विचारले, तिच्या स्वतःच्या हाताने दिली?

"हां. हाथ में देली."

तेवढ्यात मावशी भाताचे पातेले घेऊन आमच्या टोकाशी आली. सगळ्यांसमोर, देवी पाठीशी असताना, तिने वहिनीच्या पानावर भात वाढला, मग पुन्हा थोडा वाढला आणि डाव्या हाताने बाहेर पडलेली दोन शिते पानात सरकवली. हात थरथरत होता. आता खरेच थरथरायला लागला आहे.

मावशीला तिची शपथ आठवत नसावी. या वयात माणसाला विसर पडतो. मी तिला आठवण करून दिली नाही.

सत्यवतीसाठी भात झाकून नेला. तिने दोन घास खाल्ले.